नाक दाबल्यावर

आमच्याकडे हवेत पाणी नसतं.
ऑगस्टात कोल्चानीला दोरीवरचा रुमाल
वाळायच्या आधी ताठ होतो,
हसताना ओठ फाटतात,
आणि नाकात अगदी पुढे, पडद्यावर,
कांद्याच्या पापुद्र्यासारखी ती नाजूक जाळी
एखाद्या शिंकेची वाट बघत असते.

सातुर्निनोला शिंकही लागली नाही.
मिठाच्या पिशव्यांची तोंडं ज्योतीवर चिकटवत होता,
पांढऱ्या ढिगावर थेंब पडला.
दुसरा. तिसरा.
मग मोजायचं कुणाला सुचलं नाही.

मी पोहोचले तेव्हा चौघं चार उपाय करत होते.
एकीनं त्याचं डोकं मागे ओढून धरलेलं,
एक जण कापूस कोंबत होता,
एक मानेवर गोदामाची गार किल्ली दाबत होता,
आणि म्हातारी रेमेदियोस
कपाळाला कोकाचं पान चिकटवून पुटपुटत होती.

"पुढे वाकवा त्याला!
मागे केलं की रक्त घशातून पोटात उतरतं,
तुम्हाला वाटतं थांबलं, आणि तो ओकतो.
कापूस काढा.
किल्ली नि पान राहू दे, त्यांनी काही बिघडत नाही."

मिठाच्या विटांवर बसवला, ताठ, जरासा पुढे,
हनुवटीखाली परात.
"हाडावर नाही, हाडाखाली. मऊ असतं तिथं.
दोन्ही नाकपुड्या एकदम.
श्वास तोंडानं. तोंडात येईल ते थुंक."

त्याची बोटं थरथरत होती.
माझे हात मला हवे होते,
दाब बघायला, उयुनीला फोन करायला;
झडपेच्या दुखण्यासाठी तो रक्त पातळ करायची गोळी घेतो,
रोज अर्धी, मीच कापून देते.
"धरा रे कुणीतरी!"

सगळ्यांत जवळ फेर्मिन होता.
सख्खा भाऊ. सहा वर्षं झाली,
विकलेल्या एका ट्रकवरून
दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना जेवतात.

फेर्मिननं भावाचं नाक असं धरलं
जसा कुणी निखारा उचलावा.
"घट्ट! पंधरा मिनिटं, घड्याळ लावून.
मधे सोडून बघायचं नाही.
बघितलंस की पुन्हा पहिल्यापासून."

दोन मिनिटं दोघंही परातीकडे बघत राहिले.
चौथ्याला एक ओघळ
फेर्मिनच्या मनगटावरून कोपराला गेला.
त्यानं बाही सारली नाही.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात.
सातव्या मिनिटाला उघडलं.
बदकासारख्या आवाजात सातुर्निनो म्हणाला,
"ट्रकचे पैसे आईच्या ऑपरेशनला गेले."
"बोलू नकोस," फेर्मिन म्हणाला, "बासिलिया ओरडेल."
मी ओरडले नाही.
मी पारा बघत होते:
वर एकशे नव्वद, खाली एकशे दहा.
यातलं किती मिठाचं, किती भिंतीचं,
माझ्या यंत्राला सांगता येत नाही.

पंधरा झाली. सोडलं.
एक थेंब. आम्ही सगळे श्वास धरून.
मग पुन्हा धार.
"आणखी पंधरा," मी म्हणाले, "गाडी निघालीय."
फेर्मिननं हात बदलला फक्त.

उयुनीपर्यंतचा खडबडीत रस्ता
तो तसाच गेला, भावाचं नाक चिमटीत,
आणि गाडीतली पोरगी परात धरून.
तिथं आत पट्टी भरली, गोळीचं प्रमाण बदललं.
गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही
हे मी तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा फेर्मिनला.

आठवडाभर नाक शिंकरायचं नाही,
खपल्या काढायच्या नाहीत, पोती उचलायची नाहीत.
पोती फेर्मिननं उचलली, न बोलता.
परवा माझ्याकडे मलम मागायला आला.
"किती लावायचं?"
"मसुरीएवढं. तुझ्या नाकाला काय झालं?"
तो खिडकीबाहेर मिठाकडे बघत राहिला.

भिंत आहे तिथंच आहे.
भट्टीवर आता एक काळी किटली असते,
झाकण काढलेली, दिवसभर वाफ सोडत,
हवेला थोडं पाणी मिळावं म्हणून.
कुणी ठेवली, विचारलं तर
दोघंही नाकं वर करून
दुसऱ्याकडे बोट दाखवतात.